काकिनाड्याची रेती बेसात कशी उतरवावी

सर्वप्रथम उच्चार. पुण्या-मुंबईकडे तिला वाळू म्हणतात. तुम्ही चुकूनही म्हणू नका. रात्री फोनवर "वाळू आहे का हो?" असं विचारलंत तर समोरचा तुम्हाला साहेब समजेल आणि फोन ठेवून देईल. आपल्याकडे रेती. आणि नागपुरात कुणी "घाटावर जाऊन येतो" म्हणालं, तर लगेच सांत्वनाचा चेहरा करू नका. माणूस कन्हानच्या रेतीघाटावर निघालेला असू शकतो.

तुमचा प्लॉट नागपूरच्या बेसात असो, मनीषनगरात असो की हुडकेश्वरला, पहिली खेप मध्यरात्रीनंतरच येणार. टिप्परच्या फाळक्यातून पाणी ठिबकत असतं आणि मुख्य रस्त्याच्या वळणापासून तुमच्या फाटकापर्यंत एक ओली रेघ उमटते. रेती ताजी असल्याची हीच खूण. ओली रेती फुगते, त्यामुळे दिसायला ब्रास (म्हणजे शंभर घनफूट) भरतो आणि वाळल्यावर ढीग खाली बसतो. यावरून वाद घालू नका. पावसाळ्यात नदीतून उपसा बंद असतो, तरी टिप्पर तुमच्या दारात उभा आहे, याबद्दल निसर्गाचे आभार माना. २०२३ साली सरकारनं ६०० रुपये ब्रासचा दर जाहीर केला होता. त्या बातमीचं कात्रण फ्रेम करून नव्या घराच्या हॉलमध्ये लावा. भिंतीला शोभतं.

सकाळी शेजारची पोरं ढिगावर चढतील. चाळणीवर उरलेल्या खड्यांत त्यांना नखाएवढे शंख सापडतील आणि एखादं पोरगं विचारेलच, "काका, ही समुद्राची रेती आहे का?" नाही म्हणा आणि विषय बदला. कारण खरं उत्तर थोडं अडचणीचं आहे. ती समुद्रातून आलेली नाही, पण निघाली होती समुद्राकडेच. कन्हानमधून वैनगंगेत, वैनगंगेतून प्राणहितेत, सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि तिथून थेट आंध्रातल्या काकिनाड्याच्या बाजूला बंगालच्या उपसागरात, असा तिचा बेत होता. तुम्ही तिला वाटेतच उतरवून घेतलंत. एवढा लांबचा प्रवास वाचवला, खरं तर पुण्यच लागायला हवं.

अर्थात हे पुण्य एकट्यानं होत नाही, त्याला सहकार्य लागतं. किनारा वाचवायचा तर नदीच्या खोऱ्यातल्या आणि किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी मिळून रेतीचा एकच हिशेब ठेवावा, असं तज्ज्ञ मंडळी सांगत असतात. धरणात किती अडली, बंदरात किती साचली, किनाऱ्याला किती पोचली. या गोष्टीला ते प्रादेशिक सहकार्य म्हणतात आणि ते कसं जमवावं यावर परिषदा भरवतात. त्यांना एकदा इकडे बोलवा. भंडाऱ्याची रेती, मध्य प्रदेशातल्या पावत्या, नागपूरचा टिप्पर आणि पुढच्या चौकात पथक उभं आहे का हे सांगणारा व्हॉट्सअॅप ग्रुप. दोन राज्यं, तीन जिल्हे आणि भांडण कुठेच नाही. असा समन्वय सरकारी बैठकीत कधी पाहिलात? फक्त रेतीची दिशा तेवढी उलटी आहे.

काही शंकेखोर म्हणतील, "एका टिप्परनं समुद्राचं काय बिघडणार?" अगदी बरोबर. हे वाक्य पाठ करून ठेवा, घाटावरचा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. शिवाय मोठं काम धरणांनी आधीच उरकलेलं आहे. पेंचवर तोतलाडोह, वैनगंगेवर गोसीखुर्द आणि पुढे गोदावरीवर रांगच. १९७० च्या दशकात गोदावरी समुद्राला वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ देत असे. १९९० च्या दशकात तो पावणेसहा कोटी टनांवर आला. तेव्हा मन खाऊ लागलं की बोट धरणांकडे दाखवावं. धरणवाले घाटांकडे दाखवतील, घाटवाले बंदरांकडे. गोदावरीवरच्याच मेडीगड्डा बॅरेजचे खांब २०२३ च्या ऑक्टोबरात खचले, तेव्हा पायाखालची रेती सरकल्याचं पुढे आलं. जी वाहायला हवी ती हलत नाही आणि जी जागेवर हवी ती निघून जाते. रेतीचाही स्वभाव उफराटा आहे, दुसरं काय.

कायद्याची काळजी तर अजिबात नको. गोदावरीच्या पाण्याचं पाच राज्यांतलं भांडण बच्छावत लवादानं १९८० साली निकालात काढलं. थेंबाथेंबाची वाटणी झाली, टीएमसीत मोजून. रेतीचा वाटा कुणी मागितला नाही आणि कुणाला मिळालाही नाही. त्यामुळे तुमच्या स्लॅबमध्ये आंध्राच्या हक्काची रेती आहे असं कुणी सिद्ध करू शकत नाही. नसलेल्या हक्कावर दावा कसा लावणार?

तरी कुणी किनाऱ्याचं रडगाणं लावलंच, तर भिंत सुचवा. आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा असा भारदस्त शब्द आहे. नागपूर करारामुळे डिसेंबरात विधिमंडळ इथे भरतं, तेव्हा कोकणचे आमदार हुरडा खाता खाता तो उच्चारतात आणि ऐकायला गोड वाटतो. दगडी भिंतीचा मोठा फायदा असा की धूप थांबत नाही, शेजारच्या गावाला जाते. पूर्व किनाऱ्यावर लाटा रेती वर्षभरात एकंदर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवतात. पुदुच्चेरीनं ऐंशीच्या दशकात बंदरासाठी समुद्रात दगडी बांध घातले. रेती बांधाच्या दक्षिणेला अडली, शहरासमोरचा किनारा गेला. तिथे दगड टाकले, तर धूप पुढे तामिळनाडूच्या गावांत शिरली. शेजारधर्म यालाच म्हणतात.

डच लोकांचं मात्र ऐकू नका. त्यांनी २०११ साली किनाऱ्यालगत एकाच ठिकाणी २ कोटी १५ लाख घनमीटर रेती ओतली आणि पसरवायचं काम वाऱ्याला व लाटांना दिलं. एवढी रेती! आपल्याकडे रात्री साडेअकरापर्यंत तिथे टिप्परची रांग लागली असती.

आता एकच अडचण सांगतो, तीही घरगुती. आमच्या गृहप्रवेशासाठी हिनं सीताबर्डीत उप्पाडा साडी पसंत केली. उप्पाडा काकिनाड्याजवळ, गोदावरीच्या मुखाच्या वरच्या अंगाला. समुद्रानं तिथली मच्छीमारांची घरं गिळली, काकिनाड्याचा रस्ता पुन्हा पुन्हा तोडला. कारणं अनेक आहेत, बंदर आहे, होप आयलंडची समुद्रात लांबत गेलेली रेतीची दांडी आहे, नदीकडून आटलेला गाळही आहे. शेजारीच कोरिंगाची खारफुटी, तिला दरवर्षी नवा गाळ मिळाला नाही तर वाढत्या समुद्रासमोर पाय रोवता येत नाहीत. तिकडच्या पुळणीवर कासवं अंडी घालायला येतात, त्यांना तर पुळणच लागते. चक्रीवादळ येऊन गेलं की उप्पाड्याचे लोक किनाऱ्यावर वाकून रेतीत सोन्याचे कण शोधतात. रेतीला सोन्याचा भाव आलाय हे आपण इथे नुसतं म्हणतो.

दुकानदारानं साडी उलगडली. जरीचा पदर, अंगभर बारीक बुट्टे. मी सहज विचारलं, "भाऊ, ते गाव समुद्रात चाललंय म्हणे?"

"हो, आयकलं आम्ही पन," तो घडी घालत म्हणाला. "पन माल टायमावर येते, वहिनी. पॅक करू?"