गाणं ऐकायचं की नांगरायचं?

बाबांच्या रेकॉर्डी माळ्यावरून काढल्या आणि डोक्याला ताप सुरू झाला. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, दाखवा म्हटलं की दरवेळी तीच सुटकेससारखी पेटी पुढे येते. "घ्या ना भाऊ, ब्लूटूथ आहे, दिवेही लागतात!" अरे बाप्पा, दिवे घेऊन काय करू? सुईचा दाब किती, ते सांगा ना! या स्वस्त डब्यांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग), दाब ५-६ ग्रॅम, म्हणजे रेकॉर्डची खाच नांगरलीच समजा, आणि सुईच्या दांड्यामागचं वजन फिरवून तो कमी करायची सोयच नाही. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला २ ग्रॅमच्या आसपास पुरतं. जरा बरं मॉडेल पाहावं, तर प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) वेगळा, स्पीकर वेगळे. बजेट गेलं फुटाळा तलावात!

४५ आरपीएम, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांचा वेग, विचारलं तर लोक मे महिन्याचा पारा सांगतात. त्यात बाबांच्या निम्म्या तबकड्या ७८च्या, लाखेच्या. त्यांची खाच रुंद, सुई जाड लागते. नुसतं बटण ७८वर सरकवून भागत नाही. परवा एकाने तर मोठ्या आत्मविश्वासाने ७८ची तबकडी एलपीच्याच (नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डच्या) बारीक सुईवर लावून दाखवली. खर्रर्र! त्याच्या तोंडात तंबाखूचा खर्रा, मशीनमधूनही खर्राच.