ओसुमींचं यीस्ट आणि आपली एकादशी

एकादशी जवळ आली की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक निरोप फिरतो: ‘वर्षातून २०-२५ दिवस उपाशी राहणाऱ्याला कॅन्सर होत नाही, भुकेलं शरीर कॅन्सरच्या पेशी खातं, हे सिद्ध केल्याबद्दल जपानी डॉक्टर ओसुमींना नोबेल मिळालं. म्हणूनच ऋषींनी २४ एकादश्या सांगितल्या. शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्, हे वेदवचन!’

योशिनोरी ओसुमी पेशीजीवशास्त्रज्ञ आहेत. २०१६ चं नोबेल त्यांना ऑटोफॅजी कशी चालते हे उलगडल्याबद्दल मिळालं. पेशी आपलेच मोडके भाग पिशवीत गुंडाळते, विरघळवते आणि पुन्हा वापरते, ती ही क्रिया. प्रयोग झाला पावाच्या यीस्टवर. पचवणारी एन्झाइम्स काढून टाकलेलं यीस्ट उपाशी ठेवल्यावर न विरघळलेल्या पिशव्या आत साठल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. त्यात माणूस नव्हता, कॅन्सर नव्हता, दिवसांचा आकडाही नव्हता.

‘भुकेलं शरीर कॅन्सरच्या पेशी खातं’ हे तर धोक्याचं. वाढलेल्या गाठीतल्या पेशी अन्न तुटलं की याच ऑटोफॅजीवर तग धरतात, त्यामुळे ती रोखणाऱ्या औषधांच्याही चाचण्या झाल्या आहेत. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात केमो घेणाऱ्याच्या नातेवाइकांनी हा निरोप वाचून जेवण तोडलं, तर वजन आणि स्नायू घटतात, पुढचा डोस झेपेनासा होतो.

बरं, आपण उपाशी असतो कुठे? ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, अर्धा बटाटा: खिचडीची एक बशी पावणेपाचशे कॅलरींच्या घरात जाते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, साखर झपाट्याने चढते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच नाही. गंमत म्हणजे साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चौघंही मूळचे अमेरिका खंडातले. ऋषींच्या फराळात यातलं काहीच नव्हतं. उलट, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्याने खरंच कडकडीत उपास केला, तर रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर जाणवली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. डोस कसा बदलायचा ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारलेलं बरं.

वारकऱ्याची एकादशी विठ्ठलासाठी असते, तिला नोबेलचा टेकू नको. आरोग्यासाठीचा उपवास पाहायचा तर चरकसंहिता उघडावी. तिच्या सूत्रस्थान या भागाच्या २२ व्या अध्यायात लंघनाचे, म्हणजे शरीर हलकं करणाऱ्या उपायांचे, १० प्रकार आहेत आणि उपवास त्यातला फक्त एक. व्यायाम, ऊन, वाराही त्याच यादीत. लंघन अती झालं तर सांधे फुटल्यासारखे दुखतात, तोंड सुकतं, भूकच मरते, अशी लक्षणंही तिथेच दिली आहेत. ज्वरात आधी लंघन, असं चरक सांगतो खरं, पण क्षय, भय, शोक, श्रम यांतून आलेला ताप त्यातून वगळतो. कारण ‘बलाधिष्ठानमारोग्यम्’: आरोग्य बळावर उभं असतं, ते खचेल इतकं लंघन नको.

राहिलं ते ‘वेदवचन’. ‘शरीर हेच धर्माचं पहिलं साधन’ असं सांगणारी ती ओळ कालिदासाच्या कुमारसंभवातली, पाचव्या सर्गातली. पार्वतीने तपात झाडाची पानंही खायची सोडली आहेत, म्हणून ती अपर्णा. बटूच्या वेषातला शंकर तिची विचारपूस करतो. निरोपात गळलेला आधीचा चरण असा: ‘अपि स्वशक्त्या तपसि प्रवर्तसे’. झेपेल तेवढंच तप करतेस ना?