वाळवी प्रतिबंध (लाकूड)

परवा मेन्टेनन्सचं बिल आलं. पाणी, लिफ्ट, वॉचमन, आणि शेवटी एक नवी ओळ: ‘वाळवी प्रतिबंध (लाकूड)’. लाकूड माझं. वाळवी कुणाचीच नाही, कारण ती नव्हतीच.

मुळशीला मावसभावानं बांधावरचे आंबे छाटले, त्यातले मांडीएवढे ओंडके मी आणले. ताजेच लागतात, पडून राहिले की भलत्याच बुरश्या आधी आत शिरतात. ड्रिलनं भोकं पाडली, धिंगरी अळंबीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, ठासलं, वर मेण ओतलं आणि कोथरूडच्या आमच्या इमारतीमागे सावलीत रचून ठेवले. सेक्रेटरींना विचारून. त्यांना आता ते आठवत नाही.

मग तळमजल्यावरचे काका आले. काका बँकेतून निवृत्त झालेत, ऑडिटमधून नाही.

“हे सरपण कुणाचं?”

“सरपण नाही काका, अळंबी लावलीय.”

“कुठाय?”

“आत.”

काकांनी वाकून भोकात पाहिलं. मग नखानं मेण टोकरलं. “झाड तोडायची परवानगी? 1975 चा कायदा आहे.”

“तो शहरी भागाचा. आणि झाड उभं आहे, नुसत्या फांद्या छाटल्यात.”

“बरं. येणार कधी ही?”

“वर्षभर तरी लागेल.”

“वर्ष? अहो, भाताच्या पेंढ्यावर महिन्याभरात येते! शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात शिकवतात. आमच्या साडूंनी केलंय.”

आता हे खरंच आहे. पेंढा उकळा, पिशव्या भरा, महिन्याभरात तोडणी. पण पिशवी दोन-तीन तोडण्यांत संपते. ओंडका मात्र एकदा लागला की पुढची काही वर्षं देत राहतो, आणि छाटणीचं लाकूड एरवी चुलीतच जातं. हे सगळं मी उत्साहानं सांगितलं.

“काही वर्षं?” काका सरळ उभे राहिले. “म्हणजे तोवर हे इथेच?”

तेव्हापासून रोज सकाळी, दुधाची पिशवी हातात धरून, “आली का?” जणू माझाच निकाल लागायचा होता. पार्किंगमध्ये कुणाची तरी मोपेड कित्येक वर्षं चाकातली हवा गेलेल्या अवस्थेत पडून आहे, तिला कुणी कधी विचारलेलं नाही. तिच्या सीटमध्ये मांजरं व्याली, तेव्हा तर ग्रुपवर बदाम पडले.

या पावसाळ्यात ओंडक्यांच्या कापल्या तोंडांवर पांढरे तंतू दिसले. आत बुरशी भिनल्याची ही खूण. मी बायकोला हाताला धरून दाखवायला नेलं. काकांनी तेच पांढरं पाहिलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: ‘वाळवी. तातडीने लक्ष द्यावे.’ वाळवी मातीचे बोगदे करते, लाकडावर कापसासारखी पसरत नाही, हे लिहायला मी मोबाइल हातात घेईपर्यंत अकरा अंगठे वर झाले होते. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना पेस्ट कंट्रोलवाला येऊन फवारून गेला. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. ओंडक्यांवर खडूनं माझा फ्लॅट नंबर होता. बिल लावताना तो बरोबर सापडला.

आणि त्यानंतर अळंबी आली! राखाडी, लुसलुशीत, घोसच्या घोस, कडा किंचित दुमडलेल्या. त्यांना रॉकेलसारखा वास. वर्षभर वाट पाहिलेलं पीक मी हातमोजे घालून तोडलं आणि कचऱ्याच्या पिशवीत भरलं.

काका होतेच. “आली की हो! टाकताय काय? औषध वरवर तर मारलंय. दोनदा धुवायची.”

मी पिशवीच पुढे केली. “घ्या ना काका. काकूंना भाजीला.”

“छे छे,” काका दोन पावलं मागे सरले. “आमचा चातुर्मास.”