वादळाच्या आधी जहाज बंदराबाहेर का काढतात: फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

मे महिना लागला, अरबी समुद्रात कुठे ढग गोळा झाले, की हा मेसेज फिरायला लागतो. या वेळी तो माझ्या आतेबहिणीच्या फोनवर आला. तिचा मुलगा मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. मेसेज वाचून तिने त्याला फोन लावला आणि शपथ घातली, "कॅप्टन काही म्हणू दे, तू बंदर सोडू नकोस." पोरगा ड्यूटीवर, जहाज सुटायच्या तयारीत, आणि त्याच्या डोक्यात आईचं रडणं. अशा वेळी लक्ष उडालं तर दोराजवळ उभा असलेला माणूस जायबंदी होतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी जहाजावर नोकरी केलेली आहे, आता किनाऱ्यावर बंदराच्याच कामात आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: वादळ आलं की बंदरवाले आपला धक्का आणि क्रेन वाचवायला जहाजांना समुद्रात हाकलतात, खरं तर धक्क्याला घट्ट बांधलेलं जहाज सर्वांत सुरक्षित असतं, पुरावा म्हणून तौक्ते वादळात बुडालेली पी-305 बार्ज (सपाट तळाची मोठी नौका) आणि अमेरिकेतलं 'एल फारो' जहाज, बंदरावर लावतात त्या वादळाच्या इशाऱ्याच्या बावट्याचा नंबर मोठा तेवढं वादळ मोठं, म्हणून 3-4 नंबरला घाबरू नका, आणि कंटेनर काही वाऱ्याने उडत नाहीत, तेव्हा बंदर बंद करणं हा निव्वळ देखावा. शेवटी ठळक अक्षरांत, "आपल्या मुलांना सांगा, कॅप्टनला नकार द्या."

आधी धक्क्याचं बघू, कारण जीव जाईल तो याच सल्ल्याने.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. साधारण 300 मीटर लांबीचं, वरपर्यंत कंटेनर रचलेलं जहाज घ्या. त्याची वाऱ्याला अडणारी बाजू 8,000 चौरस मीटरच्या आसपास भरते. ताशी 60 किलोमीटर वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने सव्वाशे ते दीडशे टन जोर येतो, 120 च्या वाऱ्यात साडेपाचशे टनांच्या घरात. हा जोर पेलायचा कुणी? धक्क्यावरच्या खुंटांना गुंडाळलेल्या दोरांनी. आणि वारा एकटा येत नाही. वादळ पाणी ढकलत आणतं, उधाण नेहमीच्या भरतीच्या वर चढतं, जहाज वर उचललं जातं आणि दोर तेवढेच राहतात. ताण आलेला नायलॉनचा दोर बारीक होत जातो, करकरतो, त्यातलं पाणी पिळून बाहेर येतं. मग तो तुटतो आणि उलटा येतो. त्या फटक्याने माणसं मेलेली आहेत. एक दोर गेला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि ते भराभर जातात. त्यानंतर जहाज धक्क्यावर आपटत राहतं किंवा बंदरात मोकळं फिरतं, आणि तिथे इंजिन चालवून वळायला जागाच नसते.

हे माझ्या मनचं नाही. 29 एप्रिल 1991 च्या वादळात बांगलादेशातल्या चट्टग्राम बंदरातली 100 टनी तरंगती क्रेन बांधलेल्या जागेवरून सुटली आणि कर्णफुली नदीच्या पुलावर आदळली. पूल दुभंगला. आपल्याकडे 3 जून 2020 ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नांगर तुटून रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं. खलाशी वाचले, जहाज मात्र पुढे कित्येक पावसाळे तिथेच पडून होतं. किनाऱ्याजवळ असणं म्हणजे सुरक्षित असणं, हा जमिनीवरच्या माणसाचा हिशेब आहे. चालत्या इंजिनाच्या जहाजाला भीती असते ती उथळ पाण्याची आणि दगडाची. खोल समुद्रात, वादळाच्या मार्गापासून दूर, लाटेला तोंड देऊन उभं राहायला त्याला जागा मिळते.

"पण आकाश तर निरभ्र होतं, तेव्हाच कशाला बाहेर काढलं?" असंही मेसेजमध्ये विचारलंय. निरभ्र असतं म्हणूनच. मोठं जहाज बंदराबाहेर काढायला पायलट, म्हणजे बंदराची वाट दाखवणारा जाणकार, लागतो, टग म्हणजे जहाज ओढणाऱ्या छोट्या दणकट बोटी लागतात. बाहेर सोडल्यावर पायलट जहाजाच्या कुशीला लटकवलेल्या दोरशिडीवरून लहान लाँचवर उतरतो. लाटा वाढल्या की ते उतरणं होत नाही, टगही धरून राहू शकत नाहीत. वारा सुटेपर्यंत थांबलेलं जहाज अडकलं म्हणून समजा. शिवाय हवामानाचा अंदाज बघून वेळेवर निघालेल्या जहाजाला तयारी करायला अवधी मिळतो. हॅच म्हणजे मालाच्या खणांची झाकणं नीट बंद करायची, लॅशिंग म्हणजे माल जखडणारी बांधणी पुन्हा आवळायची, बॅलास्टच्या टाक्यांत पाणी भरून जहाज खाली बसवायचं, डेकवरची प्रत्येक सुटी वस्तू बांधायची, ही कामं हलत्या डेकवर करायची नसतात.

आता एल फारो. हे उदाहरण देणाऱ्याने त्याचा अहवाल उघडूनही पाहिलेला नाही. हे जहाज 29 सप्टेंबर 2015 ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून पोर्टो रिकोकडे निघालं आणि 1 ऑक्टोबरला बहामाजवळ जोआकिन वादळात बुडालं. 33 च्या 33 माणसं गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, समुद्रतळावरून जहाजाचा रेकॉर्डर वर काढला. त्यात ब्रिजवरचं, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतलं, शेवटचं 26 तासांचं बोलणं होतं. रात्रपाळीच्या अधिकाऱ्यांनी कॅप्टनला फोन करून वादळ जवळ येतंय, दक्षिणेकडे वळू या असं सुचवलं होतं. कॅप्टन ज्या नकाशावर विसंबून होता त्यातली वादळाची जागा कित्येक तास जुनी होती. अहवालाने कारण म्हणून जे नोंदवलं ते असं: वादळ टाळण्यासाठी कॅप्टनने पुरेसं काही केलं नाही, हवामानाची ताजी माहिती वापरली नाही आणि माणसांना एकत्र बोलवायला उशीर केला. जहाज बाहेर असणं हा दोष नव्हताच. ते वादळाच्या वाटेवर चालत गेलं, हा दोष होता. वादळाआधी बंदर सोडणारं जहाज बरोबर उलटं करतं, वाटेतून बाजूला होतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, मेसेजवाल्याला तेवढं श्रेय देणं जिवावर आलं तरी. प्रत्येक तरंगती वस्तू बाहेर काढायची नसते. दुरुस्तीसाठी इंजिन उघडलेलं जहाज, लहान लाँच, मासेमारीच्या होड्या यांची जागा आडोशाला आत. स्वतःचं इंजिन नसलेली बार्जही तशीच, आणि पी-305 तशी होती. मुंबईच्या पश्चिमेला हिरा तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्यासाठी उभी केलेली, टगशिवाय हलू न शकणारी बार्ज. 17 मे 2021 ला तिचे नांगर निसटले, ती वाहत गेली, आदळली आणि बुडाली. तिच्यावर आणि त्याच वादळात बुडालेल्या वरप्रदा टगवर मिळून 274 जण होते, त्यांतले 86 गेले. ती माणसं वेळेत आत आणायला हवी होती, याबद्दल माझा जराही वाद नाही. पण तिला कुठल्या बंदराने हाकललं नव्हतं. ती होती तिथेच राहिली. 'जागा सोडू नका' या सल्ल्याचा शेवट काय होतो, ते पी-305 ने दाखवलं, आणि तिचंच नाव तो सल्ला द्यायला वापरलं जातंय. याचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

कॅप्टनला नकार द्या म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजाच्या आणि माणसांच्या सुरक्षेसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात मालक किंवा कंपनीही आडवी येऊ शकत नाही. अधिकाऱ्याला धोका दिसला तर त्याने कॅप्टनला स्पष्ट सांगावं, पुन्हा पुन्हा सांगावं. ऐन सुटताना दोर सोडायला नाही म्हणणं हा वेगळा प्रकार आहे. त्याने शेजारच्या खलाशाचा जीव धोक्यात येतो.

बावट्यांचं तर सरळ चुकीचं लिहिलंय. आपल्या बंदरांवर 1 ते 11 संकेत आहेत. 1 आणि 2 म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, 3 आणि 4 म्हणजे आता या बंदरालाच धोका संभवतो. म्हणजे 3 नंबर लागला की निवांत बसायचं नाही, हातातलं काम आवरायला घ्यायचं. 8, 9 आणि 10 हे तिन्ही तीव्र वादळाचेच. फरक एवढाच की वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार, की थेट अंगावर किंवा अगदी जवळून येणार. म्हणून "8 आहे, 10 नाही ना" असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि 11 हा सर्वांत मोठ्या वादळाचा बावटा नाहीच, हवामान खात्याशी संपर्क तुटल्याचा आहे. बाजूला महत्त्व का, तर आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजवीकडे वारा जास्त जोराचा असतो. अरबी समुद्रातून उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे आपलं कोकण. तौक्ते मुंबईवर आलंच नाही, ते गुजरातच्या किनाऱ्याला लागलं, तरी कुलाब्यात ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदवला गेला.

राहिले कंटेनर. भरलेला जागचा हलत नाही, खरंय. पण यार्डात रिकामेही असतात, थरावर थर रचलेले. 40 फुटी रिकामा कंटेनर चार टनांच्या आतच भरतो आणि त्याची एक बाजू 30 चौरस मीटरहून मोठी असते. 120 च्या वाऱ्यात त्यावर दोन टनांहून जास्त जोर आडवा येतो. वरच्या थरातला असा एक डबा सुटला की खाली कोण उभं आहे ते तो बघत नाही. म्हणून वादळाआधी ते थर उतरवतात, एकमेकांना बांधतात, धक्क्यावरच्या क्रेनचे हात वर करून त्यांना जमिनीला पिनांनी जखडतात. हे तासाभराचं काम नाही. ते चालू असताना न्हावा शेव्याच्या गेटबाहेर ट्रकची रांग थांबवली, तर ती ड्रायव्हर लोकांना त्या थरांखाली येऊ न देण्यासाठी थांबवलेली असते.