टॅक्टिकल पेन आणि रात्रीचं ओलित

सध्या आपल्या विदर्भातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. सोबत काळ्या, जाडजूड, धातूच्या पेनाचा व्हिडिओ. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: रात्री ओलिताला जाणाऱ्या शेतकऱ्यानं, एकटीनं शाळा-कॉलेजात जाणाऱ्या पोरीनं आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं 'टॅक्टिकल पेन' रोज खिशात ठेवावा. तो जनावर पळवतो, गुंडाला लोळवतो, साप चावला तर त्याच्या टोकानं चीर देऊन विष काढता येतं, गाडीची काच फोडतो, त्याला परवाना लागत नाही, आणि वर आयुष्यभर लिहितो. खाली खरेदीची लिंक.

लिंक दिसली की मजकूर कुठून निघाला हे कळतंच. पण तो पुढं ढकलणारे आपलेच लोक आहेत, आणि चांगल्या मनानं ढकलतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पेन वाईट नाही, एका कामासाठी तर पक्का आहे. पण आपल्या भागातले धोके अंगाशी येण्याआधी टाळायचे असतात, आणि हा पेन ते अंगाशी आल्यावरच कामाला येतो.

वस्तू म्हणाल तर अॅल्युमिनियमची जाड नळी. हात घसरू नये म्हणून अंगावर खाचा. एका टोकाला रिफिल, दुसऱ्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा टंगस्टन कार्बाइडचा टोकदार मणी. काहींच्या टोपणाला मुकुटासारखे दात असतात, काहींत बटणाच्या सेलवर चालणारा बारका दिवा. किंमत काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत.

पहिला दावा जनावरांचा. मजकूर लिहिणारा कधी डिसेंबरच्या रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला दिसत नाही. पंपाची थ्री फेज वीज रात्रीची आली की माणूस कसा निघतो? अंगात शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर चादर, कानाला मफलर. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं नाही तर काठी. बोटं गारठलेली, चिखलानं माखलेली. पेन कुठं आहे? सगळ्याच्या आत, शर्टाच्या खिशात, खर्ऱ्याच्या पुडीच्या शेजारी. धुऱ्यावरून डुक्कर सुटलं तर चादर बाजूला करून, स्वेटर वर ओढून तो काढेपर्यंत डुकरानं मांडी फाडलेली असते. डुक्कर खालून येतं आणि सुळ्यानं वर हाणतं. चार-पाच इंचांची नळी त्याला टोचायची तर त्याच्या मानेवर वाकावं लागेल. अस्वल उभं राहून थेट तोंडावर येतं, तिथंही तेच.

वाघाबद्दल तर बोलायलाच नको. चंद्रपूर-गडचिरोलीत, विशेषतः ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात, मार्च-एप्रिलात मोहफूल वेचताना आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना माणसं सापडतात. खाली वाकलेलं किंवा बसलेलं माणूस, आणि वाघ येतो मागून, धरतो मान. पेन पुढच्या खिशात. त्या पट्ट्यातले जाणते लोक काय करतात? चार-पाच जण मिळून जातात, एकजण उभा राहून नजर ठेवतो, मोठ्यानं बोलत राहतात, उजाडल्याशिवाय आत शिरत नाहीत. हे फुकट आहे म्हणून त्याची लिंक कोणी पाठवत नाही.

रात्रीच्या वावरात उपयोगाची ती लांब झोत टाकणारी चांगली बॅटरी, छातीएवढी काठी, गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट आणि आवाज. मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून जाणारी पोरं चेष्टेचा विषय होतात, पण डुकराला आणि रोह्याला (नीलगाईला) माणूस आल्याचं दुरूनच कळतं ते त्यानंच. पेनातला तो दिवा म्हणाल, तर कुलपाचं भोक शोधायला बरा. आणि खरं औषध दिवसाची वीज. दिवसा सोलरवर पंप चालावेत म्हणून सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. ज्या फिडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, ती पोचली तिथला शेतकरी रात्री घरी झोपतो. पेनापेक्षा त्या फिडरचा पाठपुरावा करणारा मजकूर फिरवा, राजेहो.

गावातल्या मोकाट कुत्र्यांसाठीही काठीच. कुत्रं चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. एवढं पुरे, कारण पुढचा दावा जास्त भयंकर आहे.

साप चावल्यावर टोकानं चीर द्या आणि विष काढा. बाकीचे चुकीचे दावे नुसते फुकाचे आहेत, हा जीव घेईल. आपल्याकडं माणूस मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडतं. अशा माणसाच्या पायाला तुम्ही चीर दिली, तर जे रक्त सुरू होईल ते थांबणार नाही. विष बाहेर येत नाही ते नाहीच. दात आत रुतले, विष मांसात पसरलं, ते वरच्या चिरेतून परत फिरत नाही. उलट मातीत लोळलेल्या टोकानं जखमेत घाण मात्र जाते. नाग आणि मण्यारीचं विष नसांवर जातं, तिथं चिरेचा संबंधच नाही. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, आणि घरचे म्हणतात रात्री काही वंगाळ खाल्लं असेल. तिथं चीर कुठं देणार? खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणं हाच त्यावर उपाय.

घोणस पऱ्हाटीच्या ढिगात, हरभऱ्याच्या ओळीत, पालापाचोळ्यात पडून असते आणि पाय पडला की चावते, तेही बहुतेक वेळा घोट्याच्या आसपास. म्हणून गमबूट. चावलीच तर कडं, जोडवी, अंगठी, पायातला काळा दोरा काढून घ्या, कारण सूज चढते. दोरीनं करकचून बांधू नका. पाय हलू न देता माणसाला उचलून न्या, चालवू नका. 108 ला फोन करा, किंवा जी गाडी आधी मिळेल ती. ग्रामीण रुग्णालयात एक साधी तपासणी करतात: थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त पातळच वाहिलं तर विष रक्तावर गेलं आहे. चारही सापांवर चालणारं एकच प्रतिविष आहे आणि ते शिरेतूनच द्यावं लागतं, सुरुवातीलाच 8-10 कुप्या. त्यामुळं सगळा प्रश्न आहे तो तिथं किती लवकर पोचता याचा. चीर देण्यात गेलेली दहा मिनिटं तिथंच कमी होतात.

आता गुंडाचा मुद्दा. 'छोटी मुलगीही सहा फुटी माणसाला लोळवू शकते,' असं मजकूर म्हणतो. या पेनामागची युक्ती नवी नाही. ताकायुकी कुबोटा नावाच्या कराटे शिक्षकानं 1970 च्या दशकात किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची एक छोटी दांडी तयार केली आणि लॉस एंजेलिसच्या महिला पोलिसांना ती शिकवली. नीट वाचा, शिकवली. मनगट कसं पिळायचं, दाब कुठं द्यायचा, हात सोडवून पळायचं कसं, याचा सराव करून घेतला. ती दांडी नुसती पार्सलानं घरी पाठवली नव्हती. घाबरलेल्या माणसाच्या हाताला किल्ली कुलपात घालता येत नाही, तो खिशातून पेन काढून, नीट मुठीत धरून, नेमक्या जागी मारेल हे सरावाशिवाय होत नाही. ज्याला तो हिसकावता आला, त्याच्या हातात आता टोकदार लोखंड आलं.

आणि पोरींचा प्रश्न खरा कुठं आहे? गावाहून शाळेपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांत. मानव विकास योजनेच्या निळ्या एसटी बस त्यासाठीच आहेत. ज्या दिवशी बस येत नाही त्या दिवशी पोरी पायी निघतात, आणि त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचा, गावातलाच किंवा शेजारच्या गावचा असतो. पोरीच्या दप्तरात पेन टाकून बाप मोकळा झाला, असं त्या मजकुराचं एकूण सांगणं आहे. बस का आली नाही हे आगारात जाऊन विचारायचं काम कोणाचं, ते त्यात नाही. 112 या मदतीच्या आपत्कालीन नंबरचा तर उल्लेखही नाही.

मुकुटाच्या दातांबद्दल एक भारी वाक्य आहे: हल्लेखोराची कातडी त्यात अडकते आणि पोलिसांना डीएनए मिळतो म्हणे. आपल्या गावात मारणारा कोण होता हे कळायला डीएनए लागत नाही, पानठेल्यावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. अडतं ते साक्षीला कोण उभं राहतं इथं.

परवान्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. शस्त्र नियमांत धारदार पात्याची मापं दिली आहेत, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद, आणि पेन त्यात बसत नाही. बाळगणं गुन्हा नाही. पण वापरल्यावर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 118 धोकादायक साधनानं दुखापत करण्याबद्दल आहे, आणि भोसकायला वापरलेली वस्तू एरवी लिहायच्या कामाची होती म्हणून तिथं सुटका होत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क संहितेत आहेच, कलम 34 पासून पुढं. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, हेही तिथंच लिहिलं आहे. आपल्याकडची मारामारी सहसा धुऱ्यावरून, पाटाच्या पाण्यावरून, लग्नातल्या डीजेवरून होते. दोघंही ओळखीचे, दोघंही तापलेले. तिथं एकाच्या खिशातून स्वसंरक्षणाचं हत्यार म्हणून विकलेला पेन निघाला की ठाण्यात 'सहज होता खिशात' हे म्हणणं कोण ऐकणार? त्याखेरीज नागपूरच्या विमानतळावर तो तपासणीत अडवून काढून घेतला जाईल. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला तर साधाही पेन न्यायचा नसतो, तो केंद्रावरच देतात.

आता जिथं मजकूर बरोबर आहे ते. काच. दाराची काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. टंगस्टन कार्बाइड काचेपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळं खालच्या कोपऱ्यात एक जोराचा ठोका बसला की अख्खी काच खड्यांसारखी ढासळते. समोरची काच मात्र दोन काचांत प्लास्टिकचा पडदा घालून बनवलेली असते, ती तडकते पण पडत नाही. व्हिडिओत हा फरक सांगितलेला नाही. गाडी पाण्यात गेली असेल तर काच बुडायच्या आधीच मारा, कारण पाण्याखाली हाताला जोर लागत नाही. खरं तर पुलावरून पाणी चाललं असताना गाडी घालूच नका. आणि आपल्यातले निम्मे तर दुचाकीवर फिरतात, त्यांना फोडायला काचच नाही.

तरी या मुद्द्याला मी हसणार नाही. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती, त्यामुळं दार बंद. जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. विदर्भातली किती पोरं दर आठवड्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात! त्यांच्या हाताशी काच फोडायचं काहीतरी असावंच. पेन चालेल, पण त्याहून कमी पैशात मिळणारी, सीटचा पट्टा कापायचं पातं असलेली छोटी हातोडी जास्त बरी. आणि बसमध्ये चढल्यावर आपत्कालीन खिडकी कुठली आहे ते आधी पाहून घ्यावं.

राहिलं लिहिणं. 'अंतराळवीर वापरतात तोच' असंही मजकुरात आहे, हे साफ खोटं. अमेरिकेच्या अपोलो 7 मोहिमेत 1968 साली गेला तो फिशर कंपनीचा पेन, आणि त्याची करामत त्याच्या दाब भरलेल्या रिफिलमध्ये आहे, बाहेरच्या जाड नळीत नाही. स्वस्तातल्या पेनात साधी रिफिल असते. ती संपली की बऱ्याचशांना पार्करच्या धाटणीची लागते, आणि गावच्या दुकानात मिळते ती पाच रुपयांची लांब, बारीक रिफिल. जड पेनानं शर्टाचा खिसा लोंबतो ते वेगळंच. शिवाय बँकेत स्लिप भरताना 'भाऊ, पेन देता का जरा' म्हणून गेलेला पेन परत येतो का, हे तुम्हीच सांगा.

इतकं वाचूनही घ्यायचाच असेल, तर दातेरी टोपणाचा घेऊ नका, तो खिसा फाडतो. टोक टंगस्टन कार्बाइडचं आहे एवढं पाहा. नुसत्या अॅल्युमिनियमचं असेल तर ते काचेपेक्षा मऊ, घसरेल. आणि तो खिशात नको, गाडीत ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा अडकवा.