सुटली का गोळी?

परवा सोसायटीतल्या मुंजीच्या पंगतीत मी वरण-भाताचा पहिला घास घेतला आणि खिशातली गोळी हळूच तोंडात टाकली. समोरच्या ओळीतल्या काकांनी ते बरोबर टिपलं. सनईच्या वरचा सूर लावून त्यांनी विचारलं, "काय रे, सुटली नाही का अजून गोळी?"

अख्खी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मठ्ठा वाढणारा पोरगाही थबकला. जणू मी खिशातून क्वार्टर काढली होती.

मला शुगर निघाली ती अलीकडेच. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर निघाली की मधुमेह धरतात. माझा आकडा त्याच्या बराच पुढे होता. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिली, मी घ्यायला लागलो. माझ्यापुरता विषय संपला. काकांचा तिथून सुरू झाला.

काकांनी स्वतःची गोळी कधीच सोडलीय. रिपोर्ट नॉर्मल आला, त्याच संध्याकाळी. तो गोळीमुळे नॉर्मल आला असेल, अशी शंका त्यांना शिवलीही नाही. आता ते विजयसारच्या लाकडी पेल्यातलं रात्रभर मुरलेलं पाणी पितात, वर जांभळाच्या बियांची पूड. दारातल्या कुंडीत इन्शुलिनचं झाड आहे. येता-जाता त्याची पानं चावून चावून त्यांनी झाडाची पार काडी केलीय.

"सवय लागते रे तिची. एकदा चिकटली की जन्माची. त्यापेक्षा झाडपाला घे."

"काका, ही गोळीही मुळात झाडपाल्याच्याच घराण्यातली. युरोपातल्या एका रानझाडात सापडलेल्या द्रव्यावरून पुढे १९२२ मध्ये डब्लिनला बनवली, आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या पेशंटना दिल्याचं छापून आणलं."

काकांनी क्षणभर विचार केला. "तिकडचं झाड आपल्याला कसं मानवेल?"

"बरं, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी तरी करून घ्या."

"ती नको. ती मागचं उकरून काढते." काकांचं तत्त्व असं, की आदल्या दिवशी कडकडीत उपास करायचा, सकाळी टेकडी चढून यायचं आणि मग बोट पुढे करायचं. तेवढ्या एका सकाळचा रिपोर्ट त्यांनी लॅमिनेट करून ठेवलाय.

गोळी फार गोड वागते असंही नाही. सुरुवातीला पोटात असा काही गोंधळ घालते की ऑफिसात मी मीटिंगला दाराजवळची खुर्ची धरत असे. शिवाय माझी गोळी एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी. तिचं टरफल कधीकधी दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं दर्शन देतं. औषध अंगात उतरलेलं असतं, बाहेर पडतो तो नुसता सांगाडा. हे मी काकांना सांगितलेलं नाही. "बघ, लागूच पडत नाही" असा त्यांचा निकाल तयार असेल. पण नवीन पेशंटला हे आधी कोणी सांगायला काय हरकत आहे? पोट बिघडलं की तो घाबरतो आणि गोळी परस्पर बंद करतो. जेवणाबरोबर घ्या, थोडे दिवस कळ काढा, नाहीच जमलं तर परत या, डोस बदलू, एवढंच तर सांगायचं. पण बाहेर बाकावर रांग लागलेली, आत दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते. उरलेलं ज्ञान मग जिन्यात काका देतात, आणि काकांना वेळच वेळ असतो. दीड-दोन रुपयांच्या गोळीला ते "कंपन्यांची लूट" म्हणतात. पेला त्यांनी सहाशेला घेतलाय.

तूप वाढायला काकू आल्या. माझ्या पानावर वाकून हळूच म्हणाल्या, "तुमचे डॉक्टर कुठले हो? ह्यांच्या तळपायाला फोड आलाय, महिना झाला भरत नाहीये. दुखत नाही म्हणतात, म्हणून दाखवत नाहीत."

मला काकांचा खरा राग आला तो तेव्हा. दुखत नाही हीच तर भीती. शुगरने पायाची संवेदना गेली की खिळा टोचला तरी माणसाला पत्ता लागत नाही. मी काकूंना नंबर दिला आणि काकांना काहीतरी खरमरीत सुनवायला तोंड उघडलं.

तेवढ्यात जिलबी आली. काकांनी चार वेढे आग्रहाशिवाय घेतले, खिशातली पुडी सोडून त्यावर जांभळाची पूड भुरभुरवली आणि "बॅलन्स होतं" म्हणाले. वाढपी माझ्यापाशी पोचला, तसा काकांनी समोरूनच हात आडवा केला.

"ए, त्याला नको वाढूस. तो गोळीवर आहे."