‘चॅलेंज व्होट’ मागून मत देता येत नाही

निवडणूक जवळ आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. या खेपेला तो आईच्या भिशीच्या ग्रुपवर आला आणि चार जणींनी तो खरा धरला, म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो: यादीत नाव नसेल तर आधार किंवा मतदार कार्ड दाखवा, ‘कलम 49ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मत द्या. तुमच्या नावाने आधीच कुणी मत दिलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. केंद्रावर 14 टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर फेरमतदान होतं.

सगळ्यात घातक पहिला दावा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 चं कलम 62 स्वच्छ सांगतं: यादीत नाव नाही त्याला मताचा हक्क नाही. कार्डाने फक्त ओळख पटते. आणि 49ए हे कलमच नव्हे. तो निवडणूक संचालन नियम 1961 मधला नियम आहे आणि त्यात मतदान यंत्राची रचना दिली आहे. चॅलेंजची तरतूद आहे 49जे मध्ये, पण ती मतदारासाठी नाहीच. समोरचा माणूस तोतया आहे असा संशय आला तर उमेदवाराचा पोलिंग एजंट हरकत घेतो. त्यासाठी त्याला दर हरकतीला दोन रुपये रोख भरावे लागतात, तेव्हाच केंद्राध्यक्ष चौकशी करतात. हरकत टिकली नाही तर तो माणूस मत देतो, टिकली तर पोलिसांच्या ताब्यात जातो. एखाद्याला मतदानापासून अडवायच्या या नियमाला मेसेजने मत मिळवायचा नियम करून टाकलं आहे!

नुकसान इथेच होतं. मेसेजच्या भरवशावर माणूस यादी बघत नाही आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर हुज्जत घालतो, जेव्हा कुणाच्याच हातात काही उरलेलं नसतं. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. महापालिका, जिल्हा परिषदेचे नियम वेगळे आहेत, पण यादीत नाव हवं ही अट तीच, आणि मुदत तर आणखी आधी संपते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची उचलतो आणि प्रभागवार फोडतो. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती नाव भलत्याच प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथे गळलं किंवा लिहिण्यात चूक झाली यासाठी. नवं नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. ते आधीच, नमुना 6 भरून घालावं लागतं. पत्ता बदलला असेल किंवा दुरुस्ती हवी असेल तर नमुना 8.

टेंडर व्होट मात्र खरंच असतं, एवढं मान्य करावं लागेल. नियम 49पी. तुमच्या नावावर मत पडलेलं दिसलं तर टेबलावरच्या कर्मचाऱ्याशी न भांडता थेट केंद्राध्यक्षांकडे जा. ओळखीचे प्रश्न विचारतील, नमुना 17बी वर सही घेतील आणि कागदी मतपत्रिका देतील. शिक्का मारून ती पाकिटात जाते, यंत्रात नाही. मतमोजणीच्या दिवशी ती मोजत नाहीत. तिचा उपयोग होतो निवडणूक याचिकेत. राजस्थानात नाथद्वाऱ्यात 2008 च्या विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा टेंडर व्होटांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एरवी पाकीट बंदच राहतं. तरीही मागा, कारण बोगस मत पडल्याची कागदोपत्री नोंद तेवढीच.

14 टक्क्यांचा आकडा कुठल्याच नियमात नाही. फेरमतदानाच्या तरतुदी लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 58 आणि 58ए मध्ये आहेत: यंत्र नष्ट झालं, मतदानात गंभीर चूक झाली, केंद्र बळकावलं.

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना खरंच काही करायचं असेल तर आपल्या इमारतीची किंवा आळीची यादी मिळवा आणि दोन-तीन जण मिळून दारोदार जा. कोण वारलं, कोण सोडून गेलं, कुणाचं नाव नाही, कोण आता 18 चं होतंय, एवढंच टिपायचं. पात्रतेच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. गळलेल्यांचे अर्ज तिथेच भरून घ्या, बीएलओकडे (तुमच्या केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) द्या आणि पोच मागून घ्या. काही अडलं तर 1950 या मतदार हेल्पलाइनवर फोन करा. पुढची यादी आली की तेच कागद घेऊन पुन्हा ताडून बघा, कारण भरलेला अर्ज नाकारला गेला असेल तर ते तिथे दिसतं.